जुन्या खिडक्या बदलाव्यात की राखाव्यात?



आपल्या मॉरिशसमध्ये खिडकीकडून आपण दोनच गोष्टी मागतो : वारा आत यावा आणि वादळात ती टिकावी. 1960 च्या कॅरोल वादळानंतर आपली बरीच घरे सिमेंटची झाली. परंतु गेल्या जुलैत मी न्यूझीलंडमध्ये हेस्टिंग्ज येथे धाकट्या बहिणीकडे गेलो, तेव्हा खिडकीचे तिसरे काम कळले : ऊब राखणे.

त्या गावी 3 फेब्रुवारी 1931 रोजी मोठा भूकंप झाला. त्या भागात 256 माणसे दगावली. पुन्हा बांधताना अनेक इमारतींना स्पॅनिश धाटणी दिली गेली : पांढरा गिलावा, कमानी, वर कौलांची किनार. बहिणीचे घर मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचे, लाकडी. खिडक्या बिजागरीच्या, रिमू लाकडाच्या, एकेरी काचेच्या. सकाळी काचांवरून पाणी ओघळे, चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. चार वर्षांचा भाचा रात्रभर खोके. मेहुण्यांनी सगळ्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसविण्याचे ठरविले होते.

शेजारच्या स्पॅनिश धाटणीच्या घरात पूर्वीच्या मालकाने हेच केले होते. घराची शोभा गेली, पाणी मात्र तसेच ओघळत राहिले. असे का? शाळेत मी मुलांना थंड पाण्याचा पेला दाखवतो. हवेतील वाफ गार पृष्ठभागाला लागली की तिचे पाणी होते. एकेरी काच गारच राहणार. शिवाय साधी ॲल्युमिनियमची चौकट लाकडापेक्षा बरीच लवकर उष्णता बाहेर नेते. दुहेरी काचेत मधली कोंडलेली हवा ऊब अडवते, म्हणून आतली काच कमी गार पडते.

सुताराने खिडक्या तपासल्या. कुजलेले लाकूड फक्त दक्षिणेकडील दोन खिडक्यांत निघाले. त्या देशात दक्षिणेला ऊन नसते, हे आपल्याला सांगायला नको. बाकीच्या झडपा जाड व धडधाकट होत्या. त्यांतच दुहेरी काच बसू शकत होती. काचेचे वजन वाढते म्हणून बिजागऱ्या मजबूत हव्या. जुना रंग कोरडा घासायचा नाही, कारण 1980 पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसे असू शकते व ती धूळ मुलांना घातक असते.

त्या देशात नव्या घरांना उष्णतारोधक थर 1978 पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या घरांत तो आहे की नाही, हे पाहावे लागते. बहिणीच्या घराचे छत उघडून पाहिले तर थर जागोजागी दबलेला! मेहुण्यांनी आधी तो नीट केला, दोन खिडक्या बदलल्या आणि भाच्याच्या खोलीत दुहेरी काच घातली. बहिणीने घरात कपडे वाळविणे बंद केले. भात झाकण ठेवून शिजू लागला. सकाळी दहा मिनिटे खिडक्या उघड्या राहू लागल्या.

खोकला पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. पण परवा बहिणीने फोनवर सांगितले, भाच्याच्या खोलीची काच सकाळी कोरडी असते. उरलेल्या खिडक्या पैसे साठतील तशा होतील.

आपलीही मुले आता दूर, थंड देशांत घरे घेत आहेत. त्यांना एवढेच सांगावे : खिडकी काढण्याआधी ओल कुठून येते ते शोधा.