गोल्फ डिस्कची लवचिकता: घरच्या घरी तपासा

डिस्क गोल्फची जागतिक संघटना पीडीजीए वजनासोबत डिस्कचा कडकपणाही मोजते. मर्यादा साधारण 12 किलोची. त्याहून जास्त जोर लागला, तर डिस्क स्पर्धेला नाही.

घरी बाथरूमचा वजनकाटा घ्या. किचनचा बहुधा एवढा भार झेलत नाही. डिस्क कडेवर उभी धरा, मागे पट्टी टेकवा, वरून सरळ 5 सेंमी दाबा आणि आकडा वाचा. अंदाज येतो, प्रमाणपत्र नाही! हात तिरका गेला की आकडा बिघडलाच.

खरी गंमत तापमानाची. संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, प्लास्टिक मऊ पडतं. गच्चीवर तापलेली डिस्क उगाच लवचिक वाटेल. त्यामुळे घरात सावलीत तासभर ठेवूनच मोजा.