बाबागाडी घेण्याआधी घराबाहेरचा रस्ता बघा

घरात बाळ येणार म्हटलं की खरेदीची यादी लांबत जाते. मामा पाळणा आणतो, आत्या कपडे आणते, आणि मित्रमंडळी नामकरणाला काय द्यायचं यावर चर्चा करत बसतात. त्यात आता बाबागाडीची भर पडली आहे. मोबाईलवर एकदा बाबागाडी शोधली की पुढचे पंधरा दिवस तिच्याच जाहिराती दिसत राहतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक तरुण जोडप्यांपुढे आज हाच प्रश्न आहे: बाबागाडी घ्यावी का, घेतली तर कोणती, आणि किती पैसे घालावेत?

आमचं उत्तर थोडक्यात असं आहे. बाबागाडी जाहिरातीतल्या बाळाकडे बघून निवडू नका. ती ज्या रस्त्यावर चालणार आहे तो रस्ता, ज्या जिन्यावरून उतरणार आहे तो जिना आणि ती उचलणारी व्यक्ती, या तीन गोष्टी आधी बघा. पुढची सगळी माहिती या तीन गोष्टींभोवतीच आहे.

आधी ठरवा, गरज आहे का?

महिन्यातून किती वेळा बाळाला घेऊन पायी बाहेर पडणार, ते कागदावर लिहा. लसीकरण जन्मानंतर लगेच, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना, आणि त्यानंतर ९ महिन्यांना असतं. अंगणवाडीत वजनासाठी जावं लागतं. माहेरी जाणं, बाजार, विहारातली रविवारची वंदना, संध्याकाळचा फेरफटका हेही धरा. यातलं बरंचसं दुचाकीवर, रिक्षाने किंवा एसटीने होत असेल, तर गाडी बहुतेक दिवस घरातच पडून राहील.

काही घरांत मात्र तिचा खरा उपयोग होतो. आई-बाप दोघंही कामावर जातात आणि बाळ आजीकडे असतं. आजीचे गुडघे दुखतात, दहा किलोचं बाळ कडेवर घेऊन ती चौकापर्यंत जाऊ शकत नाही. अशा घरात बाबागाडी म्हणजे आजी आणि नातवंड या दोघांचंही बाहेर पडणं असतं. सिझेरियन झालेल्या आईलाही ती उपयोगी पडते, पण तिने पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं. म्हणून गाडी जिन्यावरून उतरवून देणारं माणूस घरात हवं. जुळी बाळं असतील तर प्रश्नच नाही.

दुसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टचं घर, दारात अरुंद गल्ली, किंवा रोजची वाट शेताच्या बांधावरून असेल, तर कापडी झोळी किंवा कॅरियर बरा. आपल्या आया-आज्यांनी लेकरं पाठीपोटाशी बांधूनच कामं केली आहेत. मात्र काही नियम पाळावेत. बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे आणि नाक-तोंड कापडात दबता कामा नये. हनुवटी छातीला टेकता कामा नये, कारण त्याने लहान बाळाचा श्वास अडतो. मांड्यांना आधार मिळून गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर राहिले पाहिजेत. आणि बाळ झोळीत असताना चुलीजवळ किंवा गॅसजवळ काम करू नये.

साताऱ्याचा चढ, सांगलीचा चिखल

दोन्ही जिल्ह्यांतून कृष्णाच वाहते, पण रस्ते सारखे नाहीत. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं आहे. इथे थोडं चाललं की चढ नाहीतर उतार लागतो. त्यामुळे साताऱ्यात सगळ्यात आधी ब्रेक बघा. मागची दोन्ही चाकं एकाच पायदाबीने लॉक होणारी गाडी घ्या. हँडलला मनगटात अडकवायचा पट्टा असेल तर उत्तम, नसेल तर तसा मजबूत पट्टा बांधून घ्या. उतारावर हात सुटला तरी गाडी सुटणार नाही.

सांगली-मिरज सपाट आहे, पण काळ्या मातीचं आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सगळ्यांनी पाहिले आहेत. पूर नसला तरी पावसाळ्यात गल्लीबोळात चिखल असतोच. छोटी, जोडीजोडीने बसवलेली प्लास्टिकची चाकं या चिखलात रुततात आणि खडीत अडकतात. इथे चाकं मोठी हवीत आणि गाडीचा सांगाडा गंज न धरणारा, म्हणजे शक्यतो ॲल्युमिनियमचा हवा. लोखंडी असेल तर रंग उडालेला नाही ना हे बघावं. कापड काढून धुता आलं पाहिजे.

माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या भागात वेगळीच अडचण आहे. हवा भरायची चाकं खडबडीत रस्त्यावर चांगली चालतात, पण बाभळीच्या काट्याने पंक्चर होतात. तिथे भरीव रबराची किंवा फोमची चाकं बरी.

एसटीने जाणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे बाळ घेऊन एकट्याने प्रवास करणाऱ्या आया थांब्यावर दिसतातच. एसटीची पायरी उंच असते. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हाताने गाडीची घडी, हे जमलं तरच ती गाडी एसटीच्या कामाची.

छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी याच गरजेतून आली. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटनमधले विमान अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. नातवंडाची अवजड गाडी ओढताना मुलीची होणारी दमछाक पाहून त्यांनी १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, जेमतेम पावणेतीन किलोची गाडी तयार केली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हलक्या गाड्या त्याच कल्पनेवर आहेत.

बाळाचं वय बघा

सहा महिन्यांखालचं बाळ मान आणि पाठ नीट धरू शकत नाही. त्याला बसती गाडी चालत नाही. पाठ जवळजवळ सपाट होणारीच हवी. हलक्या, स्वस्त गाड्यांपैकी अनेक पूर्ण सपाट होत नाहीत. म्हणून कमी पैशात भागवायचं असेल तर एक सोपा मार्ग आहे: पहिले सहा महिने झोळी किंवा कडेवर, आणि बाळ बसू लागलं की हलकी गाडी. जन्माआधीच गाडी घेऊन ठेवण्याची घाई करायची गरज नसते.

दुकानात करायच्या तपासण्या

ऑनलाइन घेणार असलात तरी एकदा दुकानात जाऊन हात लावून बघा. दुकानदाराला संकोच न करता सांगा की चालवून बघायची आहे.

१. गाडीत दहा किलोची तांदळाची पिशवी ठेवा आणि एका हाताने ढकला. गाडी एका बाजूला ओढत असेल तर घेऊ नका.

२. पिशवीसकट ब्रेक लावून गाडी उतारावर उभी करा. दुकानाच्या दारातला रॅम्पही चालेल. ती हलता कामा नये.

३. पट्टा पाच ठिकाणी अडकणारा हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांच्या मधून. नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही. बाळ खाली घसरतं.

४. गाडी तीन-चार वेळा मिटा आणि उघडा. उघडल्यावर लॉक लागल्याचा आवाज यायला हवा, शिवाय चुकून मिटू नये म्हणून दुसरं लॉक हवं.

५. बिजागऱ्या झाकलेल्या आहेत का ते बघा. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्याच सुमारे १० लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर झाला होता, कारण घडी उघडताना बिजागरीत सापडून १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. नामांकित कंपनी आहे म्हणून ही तपासणी टाळू नये. आणि कोणतीही गाडी उघडताना-मिटताना बाळ लांब ठेवावं.

६. गाडी मिटून स्वतः उचला. हलक्या गाड्या साधारण ४ ते ६ किलोच्या असतात, मोठ्या ८ ते ११ किलोच्या. घरी जी व्यक्ती ती रोज उचलणार आहे, तिलाच दुकानात न्या.

७. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात युरोपचं ईएन १८८८ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ ८३३ हे सुरक्षा मानक लिहिलेलं असेल तर चांगलं.

कप ठेवायची जागा, खेळण्यांचा ट्रे, हँडल फिरवण्याची सोय या गोष्टींनी किंमत वाढते. वरच्या सातही तपासण्यांत गाडी उतरली, तरच त्यांचा विचार करा.

पैशाचा हिशेब

साधी, छत्रीसारखी मिटणारी गाडी साधारण अडीच-तीन हजारांपासून मिळते. पाठ सपाट होणारी, बऱ्या चाकांची गाडी पाच ते आठ हजारांत येते. कारसीटसह येणारे संच पंधरा हजारांच्या पुढे जातात. घरात कार नसेल तर त्यांचा उपयोग नाही. आमच्या मते बहुतेक घरांचं काम आठ हजारांच्या आत नीट भागतं.

हप्त्यावर गाडी घेऊ नका. बाळंतपणानंतर आईचा पगार किंवा मजुरी थांबलेली असते आणि दवाखान्याचा खर्च नुकताच झालेला असतो. अशा वेळी शोभेसाठी कर्ज नको. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. हे पैसे आईच्या आहारासाठी आणि बुडालेल्या मजुरीच्या भरपाईसाठी आहेत. त्यातून गाडी घेणं म्हणजे आईच्या ताटातलं काढून घेणं होय.

वापरलेली गाडी घेण्यात कसलाही कमीपणा नाही. बाबागाडी जेमतेम दोन-अडीच वर्षं वापरात राहते, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या गाड्या अर्ध्या किमतीत मिळतात. फक्त ब्रेक, बिजागरी, पट्ट्याची शिवण आणि लॉक तपासून घ्या. पुरात बुडालेली गाडी मात्र फुकट मिळाली तरी नको. सांध्यांत गंज आणि गादीत बुरशी असू शकते.

नवी घेताना पक्की पावती मागा आणि ती जपून ठेवा. माल सदोष निघाला आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

वापरताना

एप्रिल-मेच्या उन्हात गाडीवर ओढणी किंवा जाड कापड टाकून ती बंद करू नका. आत हवा खेळत नाही आणि उष्णता वाढते. हँडलला भाजीची जड पिशवी अडकवू नका. गाडी मागे उलटते. गाडी दुचाक्यांच्या आणि रिक्षांच्या धुराच्या उंचीवर असते, म्हणून गर्दीच्या चौकात बाळाला कडेवर घ्या. बाळ गाडीत झोपलं तर घरी आल्यावर सपाट अंथरुणावर ठेवा.

बाबागाडीऐवजी चाकांचा वॉकर घेऊ नका. वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून पडण्याचा आणि भाजण्याचा धोका वाढतो. कॅनडाने २००४ पासून त्यावर बंदीच घातली आहे. दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. त्याहून लहान बाळाला दुचाकीवर नेणं टाळलेलंच बरं.

तरुण कार्यकर्त्यांसाठी दोन कामं

पहिलं काम सोपं आहे. प्रत्येक वस्तीत तीन-चार बाबागाड्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या असतात. मंडळाने त्या गोळा कराव्यात, दुरुस्त कराव्यात, धुवाव्यात आणि विहारात एका वहीत नोंद करून गरजूंना वापरायला द्याव्यात. बाळ मोठं झालं की गाडी परत, मग पुढच्या घरी. नामकरणाला दहा जणांनी दहा वेगळ्या वस्तू देण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक चांगली गाडी द्यावी आणि ती पुढे याच वहीत यावी. विहाराच्या पायऱ्यांशेजारी एक रॅम्प बांधला तर तो बाळांना, आजी-आजोबांना आणि व्हीलचेअरवरच्या बांधवांनाही चालेल.

दुसरं काम थोडं मोठं आहे. चांगली गाडी घेऊनही ती चालवायला पदपथ नसेल तर उपयोग काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट असावी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य, अडथळा नसलेला पदपथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. हा आधार आपल्या हातात आहे. आपल्या वस्तीपासून दवाखाना आणि अंगणवाडीपर्यंतचा रस्ता एकदा रिकामी बाबागाडी ढकलत चालून बघा. जिथे ती अडते त्या जागांचे फोटो काढा, मोजमाप लिहा आणि सातारा नगरपालिकेला किंवा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला निवेदन द्या. पोच घ्यायला विसरू नका.

निवेदनावर बाळाच्या आईची आणि आजीचीही सही घ्या. त्या रस्त्यावरून रोज बाळ घेऊन त्याच जातात, आणि गाडी कुठे अडते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.