अ‍ॅपलचा प्रस्ताव आणि फुटलेली पॅक-१२

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे मोठा धंदा. 1984 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणावरची एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची मक्तेदारी मोडली आणि कॉलेजांचे गट स्वतःच हक्क विकू लागले. आता त्या बाजारात स्ट्रीमिंगवालेही उतरले आहेत. 2022 मध्ये बिग टेन गटाने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा, तब्बल 7 अब्ज डॉलरच्या घरातला करार केला. त्यात मोसमातले आठ सामने फक्त एनबीसीच्या पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर. म्हणजे घरात टीव्ही असला तरी वेगळी वर्गणी भराच!

पॅक-१२ ची गोष्ट मात्र चटका लावणारी.

1915 पासूनची परंपरा असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गटापुढे 2023 मध्ये सामने दाखवण्याच्या हक्कांसाठी अ‍ॅपलचा प्रस्ताव आला. पण कॉलेजांची कमाई बऱ्याच अंशी ग्राहक किती जमतात यावर ठरणार होती. पगाराऐवजी कमिशन कोणाला परवडणार? यूएससी, यूसीएलए ही विद्यापीठं आधीच फुटली होती. 4 ऑगस्टला एकाच दिवशी आणखी पाच विद्यापीठांनी गट सोडला. पॅसिफिककाठचं स्टॅनफर्ड तर चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेलं. भूगोल गेला उडत!

2024 च्या मोसमात पॅक-१२ मध्ये उरली दोनच विद्यापीठं: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.