उन्हातला बर्फ

परीक्षा संपल्या की घराघरांत एकच हट्ट सुरू होतो, बर्फ बघायचा! मग मनाली, गंगटोकची बुकिंगं होतात, कपाटातले स्वेटर उन्हात पडतात. बर्फाचा धोका काय तो डिसेंबर-जानेवारीत, एप्रिल-मेमध्ये कसं छान ऊन असतं, असं आपण गृहीत धरतो. मैत्रिणींनो, गडबड नेमकी इथेच आहे.

४ एप्रिल २०२३ ची गोष्ट. गंगटोकहून नाथू-लाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंधराव्या मैलाजवळ, भर दुपारी हिमस्खलन झालं. सात पर्यटक गेले. ते कोणी गिर्यारोहक नव्हते. फोटो काढायला गाडीतून उतरलेली, तुमच्या-माझ्यासारखी माणसं. पास तेराव्या मैलापर्यंतचेच होते, असं नंतर अधिकाऱ्यांनी सांगितलं. ‘जरा पुढे जाऊन येऊ,’ हे आपल्याला कुठे नवीन आहे?

आमचा बायकांचा ग्रुप हिमालयात ट्रेकला जातो. पहिल्या वर्षी आमचा गढवाली गाईड पहाटे तीनला तंबू हलवायचा, तेव्हा आम्ही वैतागायचो. “दीदी, धूप आने से पहले,” एवढंच तो म्हणायचा. कारण हळूहळू कळलं. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा वरचा थर गोठून कडक होतो, पाय रुततही नाही. ऊन चढलं की तोच थर पाणी सोडतो. ते पाणी आत झिरपतं, थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि गुळगुळीत पलंगावरून दुलई घसरावी तसा अख्खा थर खाली येतो. आधी पूर्वेचे उतार तापतात, मग दक्षिणेचे, दुपारी पश्चिमेचे. रात्र ढगाळ गेली किंवा पाऊस पडला, तर सकाळीही भरवसा नाही.

आणि उतार कसा? उभ्या कड्यावर बर्फ टिकतच नाही. धोका जास्त असतो तो ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या जिन्याइतका किंवा थोडा जास्त उभा. दिसायला अगदी साधा!

अर्थात पहाट म्हणजे हमखास सुरक्षित, असंही समजू नका. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर सकाळीच बर्फ कोसळला. त्याआधी जोरदार बर्फवृष्टी झाली होती. ५४ जण अडकले, ४६ वाचले, आठ गेले. नव्याने खूप बर्फ पडला की एक-दोन दिवस थांबणं उत्तम, मग सुटी वाया गेली तरी चालेल.

उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागले, पाय घोट्याच्या वर रुतायला लागला किंवा पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला, की मागे फिरायचं. ओढ्यांवरचे बर्फाचे पूलही या दिवसांत आतून पोखरलेले असतात. संरक्षण खात्याच्या डीजीआरई या संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे निघतात, ते निघण्याआधी जरूर बघा.

माझी भाची यंदा मे महिन्यात एका उंच खिंडीच्या ट्रेकला निघालीय. नवं जॅकेट, नवे बूट, सगळं आलं. मी विचारलं, “अगं, बीकन आणि फावडं कुणाकडे आहे?” बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता खूप असते, पुढे ती भराभर घसरते. ओला बर्फ तर थांबल्याबरोबर सिमेंटसारखा आवळतो, हातांनी उकरता येत नाही. बाहेरून मदत येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते, शोधायचं ते सोबतच्यांनीच.

तिने आयोजकांना फोन लावला. “मॅडम, मे महिन्यात कशाला लागतंय?” असं उत्तर आलं. तिने ॲडव्हान्सवर पाणी सोडलं आणि सध्या दुसरा ग्रुप शोधतेय. माझी वहिनी दोन्ही गोष्टींसाठी माझ्यावर रागावलीय, ट्रेकचं खूळ डोक्यात घातलं म्हणून आणि पैसे बुडाले म्हणून!