परदेशचा अभ्यासदौरा आणि यंत्राचा सल्ला

नळदुर्गचा पाणीमहाल पाहण्यास पावसाळ्यांत दूरदूरचे लोक येतात. बोरी नदीवरील हा बांध इ. स. १६१३ मध्यें दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत पुरा झाला. बहुतेक मंडळी नर व मादी हे दोन धबधबे पाहून परततात. बांध कसा घातला, पुराचें पाणी कसें वाटून दिलें, हें विचारणारा विरळा. परदेशीं जाणाऱ्या शेतकऱ्यांसही हाच न्याय लागू आहे. पाहून येणें निराळें आणि शिकून येणें निराळें. आणि हा भेद प्रवासांत नव्हे, तर प्रवासापूर्वीच्या आंखणींत ठरतो.

राज्याचा कृषि विभाग देशाबाहेर अभ्यासदौरे काढतो व निम्मा खर्च, ठराविक मर्यादेपर्यंत, अनुदानरूपानें देतो. उरलेला भार शेतकऱ्याच्या गांठचा. कांहीं गट तर सर्वस्वीं स्वखर्चानें जातात. द्राक्षाच्या एका हंगामाची शिल्लक ज्यांत खर्ची पडावयाची, त्या दौऱ्याचा विचार सर्वस्वीं दुसऱ्यावर सोंपविणें शहाणपणाचें नव्हे.

या कामीं आतां एक नवें साधन हाताशीं आलें आहे. प्रश्न लिहिला असतां उत्तर देणारा ‘चॅटबॉट’ आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. राज्यशासनाच्या ‘महाविस्तार’ या ॲपवर २०२५ पासून मराठींत पिकाचा सल्ला मिळतो. ‘चॅटजीपीटी’ २०२२ च्या नोव्हेंबरांत आला, आणि वर्षभरानें त्यांत आपल्या कामापुरता स्वतंत्र चॅटबॉट तयार करण्याची सोय झाली. त्यास सूचना साध्या भाषेंत द्यावयाच्या व जरूर ते कागद जोडावयाचे. संगणकाची विद्या लागत नाहीं. गुमास्ता नवा ठेविला म्हणजे त्यास घरची रीत सांगावी लागते, तसाच हा प्रकार होय.

समजा, नळदुर्ग, अणदूर व जळकोट येथील पंधरा शेतकऱ्यांस नेदर्लंड्स व जर्मनी येथें जावयाचें आहे. त्यांनीं प्रथम तीन गोष्टी लिहून द्याव्या. पहिली, कोण जाणार : वयें, प्रकृति, शाकाहारी किती, मधुमेही किती. दुसरी, सवड केव्हां. द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलांत, गोडी छाटणी ऑक्टोबरांत, आणि सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेरीस सुरू होते. म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध हाच कायतो मोकळा काळ. हें न सांगितल्यास यंत्र खुशाल एप्रिलांतील फुलबागा सुचवील. तिसरी व मुख्य गोष्ट, काय शिकावयाचें : थोड्या पाण्यावर पीक, शीतगृह, कीं सहकारी विक्री? आल्समीर येथील फुलांचा मोठा लिलाव भल्या पहांटे चालतो व शनिवारीं-रविवारीं बंद असतो. म्हणून वार आणि वेळ हेतूस धरून बसवावी लागते.

यानंतर नियमांचे कागद जोडावे. युरोपांतील शेंगेन व्हिसासाठीं पासपोर्ट दहा वर्षांच्या आंत काढलेला व परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदतीचा असावा लागतो. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आणि जेथें मुक्काम अधिक, त्या देशाकडे अर्ज करावयाचा असतो. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपासून करतां येतो. शिदोरींत तूप किंवा पेढे तेथें नेतां येत नाहींत, कारण दुधाच्या पदार्थांस बंदी आहे. परत येतांना बियाणें किंवा कलमें परवान्यावांचून आणणें भारताच्या २००३ च्या वनस्पति-संगरोध आदेशाविरुद्ध आहे.

या यंत्राचा एक मोठा दोष ध्यानांत ठेवावा. ठाऊक नसलें तरी तें तितक्याच ठामपणें उत्तर देतें; नसलेला पत्ता सांगतें, जुना नियम नवा म्हणून देतें. म्हणून ‘जोडलेल्या कागदांत असेल तेंच सांग, नसेल तर नाहीं म्हण’ अशी सूचना आरंभींच द्यावी. तरीही अनुदानाची चालू मर्यादा तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे, व्हिसाचे नियम त्या देशाच्या वकिलातीकडे आणि भेटीची वेळ त्या त्या संस्थेकडे पत्र घालून पक्की केल्यावांचून एक पैसाही भरूं नये. पासपोर्ट व बँकेचे क्रमांक मात्र यंत्रास कदापि देऊं नयेत.

आणखी एक गोष्ट. गटांत मतभेद व्हावयाचेच. एकास गोठे पाहावयाचे, दुसऱ्यास हरितगृहें. यंत्र दोहोंचा मेळ घालून तीन-चार निरनिराळे कार्यक्रम घटकाभरांत मांडतें, हा त्याचा खरा उपयोग. परंतु त्यांतून कोणता पत्करावयाचा, हें सर्वांनीं एकत्र बसूनच ठरवावें. पैसा आपला, निर्णयही आपलाच असावा.

प्रथमच विलायतेची आंखणी करण्याऐवजीं सोलापूरचें डाळिंब संशोधन केंद्र व पुण्याजवळील मांजरीचें द्राक्ष संशोधन केंद्र यांची तीन दिवसांची सहल या यंत्राकडून आंखून पाहावी. तेथें चूक झाली तर एक दिवस वायां जाईल. परदेशीं झाली तर लाखाची हानि होईल. जवळच्या सहलींत जें उत्तर खरें ठरेल, तेवढ्यावरच दूरच्या प्रवासाचा भरंवसा ठेवावा, अशी आमची शेतकरी बंधूंस सूचना आहे.