रांजणवाडी

रांजणवाडी ही पापणीच्या कडेवरील ग्रंथींना जिवाणूंचा संसर्ग झाल्याने येणारी लालसर, ठणकणारी पुळी होय. वैद्यकीय परिभाषेत तिला होर्डिओलम म्हणतात. जवाच्या दाण्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दापासून हे नाव आले आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीच्या रोगांमध्ये तिचे वर्णन 'अंजननामिका' या नावाने आढळते. न पिकणारी, न दुखणारी, बोराएवढी कठीण गाठ तेथे 'लगण' म्हणून वेगळी सांगितली आहे. आज अशा गाठीला कॅलॅझिऑन म्हणतात.

कारणे

पापणीच्या केसांच्या मुळाशी सूक्ष्म तैलग्रंथी आणि घर्मग्रंथी असतात, तर पापणीच्या आतील बाजूस माइबोमियन ग्रंथींची रांग असते. या ग्रंथींतील स्निग्ध स्रावामुळे अश्रूंचा थर लवकर सुकत नाही. ग्रंथीचे तोंड बुजले की स्राव साचतो आणि त्यात जिवाणू वाढतात. बहुतेक वेळा हा जिवाणू स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. तो अनेक निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवर एरवीही वास करतो; डोळ्यापर्यंत तो प्रायः स्वतःच्याच बोटांनी पोहोचतो.

पापणीच्या कडांचा जुनाट दाह, डोळे चोळण्याची सवय, रात्री न पुसलेले काजळ आणि अस्वच्छ हातांनी हाताळलेली कॉन्टॅक्ट लेन्स यांमुळे रांजणवाडीची शक्यता वाढते.

उपचार आणि गैरसमज

रांजणवाडी सहसा एक-दोन आठवड्यांत आपोआप फुटून बरी होते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ कापडाने दिवसातून तीन-चार वेळा, सुमारे दहा मिनिटे शेक दिल्यास साचलेला स्राव सैल होतो. कापड लवकर निवते, म्हणून ते पुनःपुन्हा भिजवावे लागते. मात्र पापणीची त्वचा अतिशय पातळ असल्याने पाणी कढत नसावे.

तळहातावर बोट घासून ते पुळीवर टेकवण्याचा घरगुती उपाय सर्वपरिचित आहे. त्यातील उष्णतेची कल्पना योग्य आहे, पण न धुतलेले बोटच संसर्गाचे वाहन ठरते. लवंग किंवा खारकेची बी उगाळून लावणे अधिक धोक्याचे, कारण तो लेप डोळ्यात उतरून बुबुळास इजा होऊ शकते. पुळी पिळल्यास संसर्ग भोवतालच्या ऊतींत पसरतो. संपूर्ण पापणी सुजली, ताप आला, दृष्टी अंधुक झाली किंवा डोळा हलवताना दुखू लागला, तर नेत्रतज्ज्ञांकडे त्वरित जावे.

प्रतिबंध

हात धुणे, डोळे न चोळणे, स्वतंत्र टॉवेल वापरणे आणि झोपण्यापूर्वी काजळ पुसणे हे मुख्य उपाय होत. काजळाची डबी एकमेकांत वापरू नये.

रांजणवाडी वारंवार येत असेल, तर केवळ मलम लावत राहणे पुरेसे नाही. शाळकरी मुलांत यामागे अनेकदा न ओळखलेला दृष्टिदोष असतो: फळ्यावरचे नीट दिसत नाही, डोळ्यांवर ताण येतो आणि मूल ते सतत चोळते. अशा मुलाची दृष्टी तपासून घ्यावी. गरज असल्यास चष्मा दिल्यावर चोळणेही थांबते. प्रौढांत रक्तातील साखर तपासणे इष्ट, कारण अनियंत्रित मधुमेहात असे संसर्ग पुनःपुन्हा होतात. उतारवयात एकाच जागी परत परत गाठ येत असेल, तर तैलग्रंथीच्या कर्करोगाची शक्यता वगळण्यासाठी तिचा तुकडा तपासणीस पाठवतात.