घरच्या घरी मुलांसोबत हस्तकला: लग्नपत्रिकेतून ईदीची पाकिटं, चिंध्यांचा घोडा आणि बरंच काही

रमजानमध्ये असरनंतरचा तास-दीड तास लहान मुलं असलेल्या घरात सर्वांत अवघड. आई स्वयंपाकघरात भजी तळतेय, फळं कापतेय. अब्बा अजून कामावरून यायचेत. मुलांचा रोजा नाही, पण त्यांच्याकडे बघायला कुणी मोकळंही नाही. मग मोबाईल हातात दिला की घर शांत. आमच्याकडेही हेच चालायचं, त्यामुळे कुणाला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

दोन वर्षांपूर्वी उपाय म्हणून मी साडेतीनशे रुपयांचा क्राफ्टचा संच आणला. चकचकीत कागद, चिकटणारे तारे, आखून दिलेले भाग. थोरली तेव्हा साडेपाच वर्षांची. तिने कात्री धरली, रेघ चुकली. मी म्हटलं, 'थांब, आण इकडे.' वीस मिनिटांत सुंदर कंदील तयार झाला, पण तो माझा होता. ती केव्हाच उठून गेली होती. दुसऱ्या दिवशी कागद पुढे केला तर म्हणाली, 'अम्मी, तूच कर. माझं वाकडं होतं.'

पैसे गेले त्याचं एवढं वाटलं नाही, हे वाक्य मात्र लागलं. वस्तू महाग असली की आपण ती बिघडू देत नाही, आणि बिघडवल्याशिवाय मुलाचा हात काही बसत नाही. तेव्हापासून आमच्या घरी एकच नियम आहे: मुलांपुढे असंच सामान ठेवायचं, जे फुकट गेलं तरी कुणाच्या जिवाला लागणार नाही.

ही अक्कल माझी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीची विकतची साधनं गावाला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी खडे, शंख-शिंपले, पानं, बिया अशा आसपासच्या वस्तूंतूनच मुलांना शिकवलं. आपल्या घरात तर याहून जास्त सामान पडलेलं असतं.

आधी खळ

विकतचा गोंद लहान मुलं अर्धी बाटली एका कागदावर ओततात आणि आपण ओरडतो. त्यापेक्षा खळ करा. दोन मोठे चमचे मैदा किंवा गव्हाचं पीठ एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मग मंद आचेवर सारखं ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन मिश्रण दाटसर, चकचकीत दिसू लागलं की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच मुलांना द्या. बाहेर एक-दोन दिवस टिकते, फ्रिजमध्ये चार दिवस. ब्रश नको, बोटानेच लावू दे.

एक सावधगिरी. बुकबाइंडिंगवाले खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत असत. जुनी माणसं तसं सुचवतील, पण ते विष आहे. मुलं बोट चाटणारच, म्हणून खळीत पीठ आणि पाणी याशिवाय काही नको.

ईदीची पाकिटं

प्रत्येक घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. कागद जाड, मागची बाजू बहुतेक कोरी. पण आपल्याकडे आधी एक काम करायचं: पत्रिकेवर बिस्मिल्लाह, आयत किंवा अल्लाहचं नाव असेल तर तो भाग मोठ्यांनी कापून अदबीने वेगळा ठेवायचा. उर्दू वर्तमानपत्रं आणि कॅलेंडरची पानं वापरतानाही हेच. मुलांना हे समजावून सांगितलं की ती स्वतःच शोधायला लागतात. आमचा धाकटा अजून वाचत नाही, तरी अरबी अक्षर दिसलं की पत्रिका घेऊन धावत येतो.

शंभराची नोट 14.2 सेंटिमीटर लांब आणि 6.6 सेंटिमीटर रुंद असते. ती आरामात बसावी म्हणून 18 सेंटिमीटर रुंद आणि 19 सेंटिमीटर उंच कागद घ्या. खालून 8 सेंटिमीटरवर एक आडवी रेघ, वरून 3 सेंटिमीटरवर दुसरी. म्हणजे तीन पट्टे झाले: खालचा 8चा, मधला 8चा, वरचा 3चा. आता खालच्या आणि वरच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर कापून टाका. मधल्या पट्ट्याला दोन कान उरतील. ते आत दुमडा, त्यांना खळ लावा, खालचा पट्टा वर आणून त्यांवर दाबा. वरचा पट्टा म्हणजे झाकण. कागद जाड असेल तर दुमडण्याआधी रेघेवरून पट्टी धरून संपलेली रिफिल दाबून फिरवा, घडी सरळ बसते.

मोजणं आणि आखणं मोठ्यांचं. दुमडणं, चिकटवणं, वर चांद-तारे काढणं मुलांचं. चांद काढायला मोठी वाटी उपडी ठेवून गोल काढा, मग त्याहून थोडी लहान वाटी एका कडेला सरकवून दुसरा गोल. मधला भाग कापला की चंद्रकोर. अशा पंधरा-वीस कोरी दोऱ्याला चिकटवल्या की दारावरची पताका तयार.

कात्री नुकतीच हातात घेणाऱ्या मुलाला मोठा कागद देऊ नका. दोन बोटं रुंदीची लांब पट्टी द्या, एका दाबात एक तुकडा पडतो. तेवढ्यानेच ती खूश होतात. ते तुकडे पुन्हा चिकटवायला कामी येतात. कात्री बोथट टोकाची हवी, आणि मोठं माणूस शेजारी हवं.

मिठाच्या कणकेची गंमत

एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, अर्ध्या वाटीला थोडं कमी पाणी. घट्ट मळा. त्याचे चांद, तारे, छोट्या वाट्या, फळं, काहीही बनतं. जाडी अर्ध्या इंचापेक्षा कमी ठेवा, नाहीतर आतून ओलं राहून बुरशी धरते. उलटसुलट करत दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. कोकणातल्या बहिणींनी पावसाळ्यात याच्या नादी लागू नये, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि आठवड्यात सगळं मऊ पडतं. ही कणिक फार खारट असते. एखादं मूल तोंडात घालून लगेच थुंकेल, पण खाऊ देऊ नका.

रंगाला बिटाचा रस, हळद. हळदीच्या गोळ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा मळा, पिवळा गोळा तांबूस होतो. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. आमच्याकडे हे पाहायला शेजारची चार मुलं रोज यायची. पानाच्या चुन्याने रंग जास्त लाल येतो हे खरं, पण चुना मुलांच्या आसपास आणू नका. डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो.

चिंध्यांचा घोडा

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत आयेशा (रजि.) यांची एक रिवायत आहे. त्यांच्या खेळण्यांत एक घोडा होता, त्याला चिंध्यांचे दोन पंख लावलेले. हुजूर (स.) यांनी विचारलं, घोड्याला पंख कसे? त्यावर हजरत सुलेमान (अलै.) यांच्या पंखवाल्या घोड्यांचा हवाला देऊन त्यांनी उत्तर दिलं, आणि हुजूर (स.) मनापासून हसले. चिंध्यांच्या खेळण्याला कमी लेखणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते.

जोडीतला एक मोजा नेहमी हरवतो, उरलेला घ्या. त्यात शिंप्याकडच्या किंवा जुन्या ओढणीच्या चिंध्या ठासून भरायच्या. हे काम तीन वर्षांचं मूलही करतं आणि त्यातच जास्त रमतं. तोंड शिवून टाका, टाचेजवळ दोरा आवळून मान करा, दोन त्रिकोणी कान आणि दोन पंख टाका. सुई आपल्याच हातात. डोळ्यांना बटण किंवा मणी लावू नका, धागा किंवा पेन पुरे. खेळण्यांच्या चेहऱ्याबद्दल घरोघरी मतं वेगळी असतात. ज्यांना नको त्यांनी डोळे काढू नयेत, घोडा तसाही पळतो.

मण्यांवरून आठवलं. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर दहाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून लहान कुठलीही सुटी वस्तू जमिनीवर पसरू नका. कागदी कंदिलात मेणबत्ती तर नकोच. बॅटरीचे छोटे दिवे स्वस्त मिळतात, पण त्यांतल्या अनेकांत बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसं झाल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठा. आम्ही कंदिलात माझ्या मोबाईलचा टॉर्च ठेवतो. मोबाईलचा एवढा चांगला उपयोग आमच्या घरात दुसरा नाही.

आणखी हवं असेल तर अरविंद गुप्ता यांची पुस्तकं पाहा. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी हेच त्यांचं आयुष्यभराचं काम, आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही बरीच पुस्तकं मोफत आहेत.

एक गोष्ट अजूनही मला जड जाते: हात मागे ठेवणं. मूल वाकडं चिकटवतं तेव्हा बोटं शिवशिवतात. मी तेव्हा स्वतःसाठी एक वेगळा कागद घेऊन बसते. माझा सरळ, तिचा तिच्यासारखा.

या ईदला थोरलीने बावीस पाकिटं केली. त्यातलं सर्वांत वाकडं, ज्याचं झाकण बंदच होत नव्हतं, ते माझ्या सासऱ्यांनी मागून घेतलं. त्यात सध्या त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी असते. औषधाच्या दुकानात ते पाकीट काढतात आणि दुकानदाराने विचारलं नाही तरी सांगतात, नातीने केलंय.